गिटार हरवली, घुमारा उरला

बुलढाणा जिल्ह्यातल्या आमच्या महाविद्यालयाचे स्नेहसंमेलन जानेवारीच्या थंडीत भरते. पटांगणावर मांडव पडतो, रंगमंचाच्या दोन्ही अंगांना माणसाच्या उंचीचे स्पीकर उभे राहतात आणि लोक शाली-स्वेटर घालून मागच्या रांगेपर्यंत दाटीने बसतात. अशाच एका संध्याकाळी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षातला एक विद्यार्थी इलेक्ट्रिक गिटार घेऊन पुढे आला आणि त्याने तार छेडली. स्पीकरांतून जे बाहेर पडले ते ऐकून पहिल्या रांगेतले प्राध्यापकही एकमेकांकडे पाहू लागले. गिटारचा टणत्कार मुळीच नव्हता. होता तो फक्त तिचा घुमारा, कोरड्या विहिरीतून यावा तसा. मिक्सरवर बसलेल्या साउंडवाल्याने मला हाताने जवळ बोलावले. "सर, गिटार गुल हाय अन् नुसता घुमारा येऊन राह्यला! काहून?"

गंमत अशी, की आदल्या दिवशी सरावाच्या वेळी नेमके उलटे घडले होते. तेव्हा गिटार खणखणीत ऐकू येत होती, पण तिला दिलेला घुमारा पार नाहीसा झाला होता. गिटार तीच, तिला जोडलेला छोटा डिजिटल इफेक्ट प्रोसेसर तोच, बटणेही तशीच. मुलगा रडकुंडीला आला होता. लग्नसराईत बँडबरोबर वाजवून साठवलेल्या पैशांतून त्याने तो प्रोसेसर घेतला होता, आणि आता तो दुरुस्तीसाठी मुंबईला पाठवायचा असे त्याने ठरवूनही टाकले होते.

यंत्र मात्र ठणठणीत होते. दोन्ही दिवशी जे घडले ते शाळेतल्या बीजगणिताने उलगडते. त्यासाठी आधी गिटारच्या आवाजाची वाट कुठून कशी जाते ते पाहू.

एका वाटेच्या दोन वाटा

इलेक्ट्रिक गिटारला तारा सहा, पण तिच्यातून बाहेर पडणारा विद्युतसंदेश एकच. पोलादी तारांच्या खाली चुंबक असतात आणि त्यांच्याभोवती तांब्याच्या केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे गुंडाळलेले असतात. तार थरथरली की वेढ्यांतून जाणारे चुंबकीय क्षेत्र कमीजास्त होते आणि वेढ्यांत विद्युतदाब निर्माण होतो. फॅरेडेने १८३१ साली दाखवलेले प्रवर्तन ते हेच. सहाही तारांची थरथर त्याच वेढ्यांत एकत्र होते. म्हणजे गिटार जन्मतःच 'मोनो', एकवाटी आहे.

हा संदेश प्रोसेसरमध्ये शिरला की तेथे त्याची मोजणी सुरू होते. सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० वेळा विद्युतदाब मोजला जातो आणि प्रत्येक वेळी एक आकडा लिहिला जातो. यापुढे आवाज म्हणजे आकड्यांची ओळ. आवाज मोठा करायचा म्हणजे आकड्यांना गुणायचे, दोन आवाज मिसळायचे म्हणजे आकड्यांची बेरीज करायची, आणि प्रतिध्वनी हवा असेल तर थोड्या वेळापूर्वीचे आकडे स्मृतीतून काढून आताच्या आकड्यांत मिळवायचे. पूर्वी हीच कामे वेगवेगळ्या डब्या करीत. वादक पायाने दाबून चालवतात त्या डब्या तुम्ही एखाद्या ऑर्केस्ट्रात पाहिल्याही असतील. आता एकाच पेटीत डझनावारी डब्या गणिताच्या रूपात एकापुढे एक मांडलेल्या असतात.

या माळेतल्या पहिल्या काही डब्या एकवाटीच असतात. आवाज समतोल करणारी, तो जाणूनबुजून फाडून खरखरीत करणारी, अँप्लिफायरची नक्कल करणारी, यांना एक आकडा मिळतो आणि त्या एकच आकडा पुढे देतात. मग कोरस, प्रतिध्वनी किंवा घुमारा देणारी डबी येते आणि तेथे वाट फुटते. एक आकडा आत जातो, दोन बाहेर पडतात. एक डाव्या स्पीकरसाठी, एक उजव्यासाठी. येथून पुढे आवाज 'स्टीरिओ', दुवाटी झाला.

ज्या विद्यार्थ्यांकडे असे यंत्र आहे ते येथे एक चूक हटकून करतात. दुवाटी प्रतिध्वनी आधी आणि एकवाटी अँप्लिफायर नंतर, अशी माळ लावतात. फुटलेल्या दोन वाटा त्या एकवाटी डबीत शिरताना पुन्हा एक होतात, आणि पुढे डावी-उजवी बाजू असली तरी दोन्हींकडून तोच आवाज येतो. नदीचे दोन फाटे फुटल्यावर पुढे अरुंद मोरी बांधावी तसे हे होते.

अधिक आणि उणे

आता मुख्य गोष्ट. गिटारच्या मूळ आवाजाचा त्या क्षणीचा आकडा 'ग' मानू आणि घुमाऱ्याचा 'घ' मानू. ज्याला घुमारा सर्व बाजूंनी वेढून टाकणारा हवा आहे त्याच्यासाठी काही यंत्रांत एक युक्ती केलेली असते. डाव्या वाटेत घुमारा सरळ मिळवतात आणि उजव्या वाटेत तो उलटा करून, म्हणजे ऋण चिन्ह देऊन मिळवतात:

डावी वाट = ग + घ
उजवी वाट = ग − घ

हेडफोन लावून ऐकले तर मूळ गिटार दोन्ही कानांत सारखी असल्याने डोक्याच्या बरोबर मध्यभागी वाटते. घुमारा मात्र एका कानात हवा पुढे ढकलतो त्याच क्षणी दुसऱ्या कानात मागे ओढतो. मेंदूला त्याची जागा निश्चित करता येत नाही आणि तो चोहीकडे पसरल्यासारखा वाटतो. ऐकायला मोठे छान लागते.

सरावाच्या दिवशी वर्गात स्पीकर एकच होता. मुलाने प्रोसेसरच्या डाव्या आणि उजव्या भोकांतून दोन वायरी काढून त्या एकत्र डाख दिलेली दुतोंडी केबल वापरली. (दोन यंत्रांची बाहेरची टोके अशी थेट एकमेकांना बांधणे तसे बरे नव्हे. प्रत्येक वाटेत थोडा रोध असतो म्हणून निभावते इतकेच.) दोन वाटा तारेतच एकत्र झाल्या. आता बेरीज करा:

(ग + घ) + (ग − घ) = २ग

घुमारा गेला! कोणी बंद केला नाही, काही बिघडले नाही; तो स्वतःशीच वजा झाला. आकडे घालून पाहायचे असेल तर ग = ७ आणि घ = २ घ्या. डावीकडे ९, उजवीकडे ५, बेरीज १४. त्यात २ चा मागमूस नाही.

आता संमेलनाच्या संध्याकाळकडे वळू. रंगमंच ते मिक्सर हे अंतर चांगले पस्तीस-चाळीस पावलांचे होते. इतक्या लांब तारेत विजेच्या तारांमुळे ५० हर्ट्झची गुरगुर शिरते. ती टाळण्यासाठी साउंडवाले तीन पिनांची केबल वापरतात. तिच्यात जमिनीच्या तारेखेरीज दोन तारा असतात. एकीतून संदेश सरळ जातो, दुसरीतून उलटा. वाटेत शिरलेली गुरगुर मात्र दोन्ही तारांत सारखीच असते. मिक्सर दोन्ही तारांची वजाबाकी करतो. सरळ संदेशातून उलटा वजा केला की संदेश दुप्पट होतो आणि सारख्यातून सारखे गेल्यामुळे गुरगुर शून्य होते. ही युक्ती टेलिफोनच्या काळापासूनची आहे आणि मला ती अजूनही फार सुंदर वाटते.

आता माझी कबुली. त्या संध्याकाळी घाईत प्रयोगशाळेच्या कपाटातून केबल मीच काढून दिली होती. तिच्या एका टोकाला तीन पिना आणि दुसऱ्या टोकाला आपले साउंडवाले ज्याला पी-३८ म्हणतात तो जाड जॅक होता. पण हा जॅक साधा नव्हता. त्यावर काळी वळी एक नसून दोन होती, म्हणजे त्याचे भाग तीन होते. असा जॅक प्रोसेसरच्या हेडफोनच्या भोकात बरोबर बसतो. मुलाने तो तेथेच बसवला. हेडफोनच्या भोकात टोकाला डावी वाट आणि मधल्या कड्याला उजवी वाट असते. मिक्सरला हे काय ठाऊक? त्याने आपली रोजची वजाबाकी केली:

(ग + घ) − (ग − घ) = २घ

दोन्ही तारांत जे जे सारखे ते ते मिक्सरच्या लेखी गुरगुर. म्हणून त्याने गिटारच काढून टाकली आणि घुमारा दुप्पट करून श्रोत्यांना ऐकवला.

इअरफोनचा प्रयोग

हे तुम्हाला घरबसल्या ऐकता येईल. तारेचा साधा इअरफोन मोबाइलला लावा आणि अलीकडचे एखादे चित्रपटगीत सुरू करा. आवाज बेताचा ठेवा. आता पिन हळूहळू, केसाकेसाने बाहेर ओढा. एका विशिष्ट जागी गायकाचा आवाज एकदम दूर जाईल किंवा नाहीसा होईल आणि व्हायोलिनचा ताफा व घुमारा तेवढा उरेल. त्या जागी पिनेचा जमिनीचा संपर्क तुटलेला असतो. परतीची वाट नसल्यामुळे वीज एका कानाच्या इअरफोनमधून थेट दुसऱ्यात जाते, आणि दोघांनाही डाव्या-उजव्या वाटेतला फरक तेवढा मिळतो. गायकाचा आवाज बहुधा मध्यभागी, म्हणजे दोन्ही वाटांत सारखा ठेवलेला असतो. सारख्यातून सारखे गेले.

मग १९५० च्या सुमाराचे एखादे गाणे लावून पिन त्याच जागी आणा. ते ध्वनिमुद्रण मोनो होते, दोन्ही वाटांत सगळेच सारखे. बहुधा सगळेच गाणे जवळजवळ नाहीसे होईल. काही जुन्या गाण्यांवर नंतर कृत्रिम स्टीरिओचा मुलामा दिलेला असतो, ती थोडी उरतात. कोणते गाणे किती उरते याची वहीत नोंद ठेवा, मजा येईल.

बेरीज आणि फरक यांचा हा हिशेब नवा नाही. लंडनच्या ईएमआय कंपनीतला तरुण अभियंता अ‍ॅलन ब्लुमलाइन याने डिसेंबर १९३१ मध्ये स्टीरिओ ध्वनिमुद्रणाच्या पेटंटसाठी अर्ज केला, त्यातच तो आहे. पुढे १९५८ च्या सुमाराला स्टीरिओ तबकड्या बाजारात आल्या. त्यांच्या खाचेत सुईची आडवी हालचाल म्हणजे दोन्ही वाटांची बेरीज आणि उभी हालचाल म्हणजे फरक, अशी योजना केली होती. मोनो यंत्राचा वाचक फक्त आडवी हालचाल जाणतो, म्हणून त्यावर बेरीज वाजते आणि गाण्यातले काही हरवत नाही. ब्लुमलाइन हे पाहायला राहिला नाही. १९४२ मध्ये विमानातल्या रडारची चाचणी घेताना झालेल्या अपघातात तो वयाच्या अवघ्या अडतिसाव्या वर्षी गेला.

एफ.एम. रेडिओतही हीच रीत आहे. मुख्य संदेश म्हणून बेरीज जाते आणि फरक ३८ किलोहर्ट्झच्या उपवाहकावर बसून वेगळा जातो. साधा रेडिओ पहिला भाग घेतो आणि दुसऱ्याकडे दुर्लक्ष करतो. घरी जुना टेप-रेडिओ असेल तर दूरचे केंद्र लावून त्याचे स्टीरिओचे बटण मोनोकडे सरकवून पाहा. सळसळ एकदम कमी होईल. ती बरीचशी त्या फरकाच्या वाटेने येत असते.

'शोले' १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झाला तेव्हा मुंबईच्या मिनर्व्हात तो ७० मिलिमीटरच्या पडद्यावर स्टीरिओ आवाजात लागला होता. लहान गावांतल्या टॉकीजमध्ये ३५ मिलिमीटरची आणि एकाच ध्वनिपट्टीची प्रत येई. तेथील प्रेक्षकाला घोड्यांच्या टापा एका बाजूकडून दुसरीकडे गेल्या असे वाटले नसेल, पण टापा ऐकू आल्या आणि संवादही आले. एकवाटी करताना काही हरवू नये याची काळजी आधीच घेतलेली होती.

हवेतली बेरीज, तारेतली बेरीज

येथे चौकस विद्यार्थी विचारील की, खोलीत दोन स्पीकर ठेवले तरी दोन्ही आवाज हवेत मिसळतातच, मग तेथे घुमारा का मरत नाही?

प्रश्न फार चांगला आहे. तारेतली बेरीज नेमकी असते. ज्या क्षणाचा डावा आकडा, त्याच क्षणाचा उजवा. हवेत तसे होत नाही. उजव्या स्पीकरपासून तुमचा डावा कान जितका दूर तितका उजवा नाही. भिंतींवरून, छतावरून आवाज परततात ते वेगवेगळ्या वेळी. मान जरा वळवली की सगळी अंतरे बदलतात. म्हणून वजाबाकी कधी पुरी होत नाही, आणि दोन कानांत दोन निरनिराळी मिश्रणे पोचतात. मेंदूला जागेचे ज्ञान होते ते या फरकांवरूनच.

जपानच्या रोलँड कंपनीने १९७५ साली काढलेल्या जेसी-१२० या अँप्लिफायरची कीर्ती याच गोष्टीवर उभी आहे. त्यात बारा-बारा इंचांचे दोन स्पीकर आणि प्रत्येकासाठी ६० वॅटचे स्वतंत्र अँप्लिफायर असते. कोरस सुरू केला की एका स्पीकरला गिटार जशीच्या तशी जाते आणि दुसऱ्याला तिची किंचित मागेपुढे डोलणारी प्रत. दोन्ही भेटतात त्या खोलीतल्या हवेत, तारेत कधीच नाही. एकाच्या जागी दोघे वाजवीत आहेत असा भास होतो.

तारेत मात्र साधी उशिराची प्रतही घात करू शकते. समजा, आवाज रुंद वाटावा म्हणून डाव्या वाटेत गिटार सरळ ठेवली आणि उजवीत ती १० मिलिसेकंद उशिरा सोडली. येथे ऋण चिन्ह कोठेच नाही. पण दोन्ही वाटा तारेत जोडल्या की १५० हर्ट्झच्या ध्वनीचे काय होते पाहा. १० मिलिसेकंदांत त्याची दीड कंपने होतात. म्हणजे मूळ लाट माथ्यावर असते तेव्हा उशिराची लाट खळग्यात असते, आणि दोघी एकमेकींना खातात. २०० हर्ट्झची मात्र याच वेळात पुरी दोन कंपने होतात आणि माथ्यावर माथा बसतो. गिटारची चौथी तार मोकळी छेडली तर १४६.८ हर्ट्झने कंप पावते आणि तिसरी १९६ हर्ट्झने. हिशेब केला तर चौथ्या तारेचा मूळ स्वर जेमतेम दहावा हिस्सा उरतो आणि तिसरीचा जवळजवळ पुरा राहतो. वादकाला वाटते, चौथी तार जुनी झाली. तो नवी तार आणतो आणि तीही तशीच मुकी निघते!

मग जोडायचे कसे?

प्रोसेसरच्या मागे पाहिले तर डाव्या भोकाखाली बहुधा 'लेफ्ट' आणि 'मोनो' असे दोन्ही शब्द छापलेले दिसतात. मिक्सरकडे एकच वाट जाणार असेल तर केबल फक्त येथे लावायची आणि उजवे भोक मोकळे सोडायचे. अनेक यंत्रांना उजवे भोक मोकळे आहे हे कळते. पण कळल्यावर ती काय करतात हे प्रत्येकाचे निराळे. काही आतल्या आत दोन्ही वाटांची बेरीज करून अर्धी करतात (अर्धी न केली तर आकडा यंत्राच्या कमाल मर्यादेबाहेर जाऊन आवाज फाटेल). काही उजवी वाट सोडून देतात आणि नुसती डावी पुढे पाठवतात.

यात बरे कोणते? आमच्या मुलाच्या घुमाऱ्यासाठी नुसती डावी बरी, कारण तिच्यात ग + घ शाबूत आहे आणि बेरजेत घ मरतो. पण आता दुसरा प्रतिध्वनी घ्या, जो चेंडूसारखा डावीकडून उजवीकडे टोलवला जातो. पहिला प्रतिसाद ४०० मिलिसेकंदांनी डावीकडे, दुसरा ८०० ला उजवीकडे, तिसरा १२०० ला पुन्हा डावीकडे. येथे नुसती डावी वाट घेतली तर एकाआड एक प्रतिसाद गळतो आणि ठेकाच बदलतो. तेथे बेरीजच हवी. म्हणून यंत्राची माहितीपुस्तिका वाचावी, आणि पुस्तिकेवरही न विसंबता कार्यक्रमाच्या आधी एका स्पीकरवर कान लावून ऐकावे.

मोनो म्हणजे मागासलेले असा एक समज मुलांमध्ये असतो. मला तो पटत नाही. आमच्या मांडवात दोन स्पीकरांमध्ये वीस मीटर अंतर होते. डाव्या टोकाला बसलेल्या माणसाला उजव्या स्पीकरचा आवाज सेकंदाच्या सुमारे सोळाव्या भागाइतका उशिरा आणि क्षीण होऊन पोचतो. त्याच्यापुरती उजवी वाट जवळजवळ नसतेच. तेथे अर्धी गिटार उजवीकडे ठेवणे म्हणजे पंगतीत अर्ध्या लोकांना वरण आणि अर्ध्यांना भात वाढणे होय. म्हणूनच मांडवातले साउंडवाले दोन्ही स्पीकरांना एकच संदेश देतात आणि ते योग्यच करतात. दोन वाटांची खरी मौज घरी, हेडफोनवर किंवा लहान खोलीत.

त्या संध्याकाळी एवढे सगळे सांगत बसायला वेळ कोठे होता? निवेदिका चारोळ्या म्हणून वेळ काढीत होती आणि मागच्या रांगांतून शिट्ट्या सुरू झाल्या होत्या. मी मुलाला हेडफोनच्या भोकातली केबल काढायला सांगितले. साउंडवाल्याने आपल्या पेटीतून एका काळ्या वळीची साधी केबल फेकली, ती मुलाने 'मोनो' लिहिलेल्या भोकात बसवली आणि तार छेडली. गिटार परत आली, मागोमाग तिचा घुमाराही. पुढची सहा मिनिटे तो असा काही वाजवत होता, की शिट्ट्या मारणारेच टाळ्या वाजवू लागले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी प्रयोगशाळेत ती केबल ऑसिलोस्कोपला लावून बेरीज आणि वजाबाकी दोन्ही पडद्यावर पाहिली. प्रोसेसर मुंबईला गेला नाही. केबल कपाटात परत गेली आहे. तिच्या जॅकला आता एक चिठ्ठी बांधली आहे: 'दोन वळी. हेडफोनच्या भोकातून मिक्सरला लावू नये.' अक्षर त्या मुलाचे आहे.